सेमिस्टर एक्सचेंजला जर्मनीला जायचंय? नोटीस लागल्यापासून मार्कशीटवर क्रेडिट चढेपर्यंत काय काय सांभाळायचं

कॉलेजमध्ये सेमिस्टर एक्सचेंजची नोटीस लागली की पहिल्या दोन दिवसांत मला जे मेसेज येतात त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे असतात, "ताई, सीजीपीए किती लागतो?" प्रश्न बरोबरच आहे, पण एवढाच प्रश्न विचारून पोरं थांबतात आणि तिथेच गडबड होते. मी पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजमधून एक सेमिस्टर जर्मनीत शिकून आले, त्यानंतर गेली काही वर्षं ज्युनिअर्सचे अर्ज आणि व्हिसाच्या फायली बघते, आणि दरवर्षी बघते की यादीत नाव लागलं म्हणजे पात्रता सिद्ध झाली, विषय संपला असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. नाव लागल्यावर केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर नाव निघतं, हॉस्टेलमध्ये मारामारी करून शिस्तभंगाची कारवाई झाली तर निघतं, आणि तिकडे पोचल्यावर काही उद्योग केले तर अर्ध्या सेमिस्टरमधून परत पाठवू शकतात. पात्रता परत येईपर्यंत टिकवायची गोष्ट आहे, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितेय.

आधी समजून घ्या की तुम्ही नेमके कशाखाली चाललाय

दोन प्रकार असतात. एक म्हणजे खरं एक्सचेंज, तुमच्या कॉलेजचा आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीचा करार असतो, त्यांची दोन मुलं इकडे, आपली दोन तिकडे, फी तुम्ही इथलीच भरता आणि तिकडची ट्यूशन फी माफ असते. तिकडचं सेमिस्टरचं योगदान तेवढं भरावं लागतं, साधारण शंभर ते साडेतीनशे युरो, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. दुसरा प्रकार म्हणजे स्वतः अर्ज करून, स्वतःच्या पैशाने एक-दोन सेमिस्टर जाणं, ह्यात कॉलेज तुम्हाला नॉमिनेट करत नाही, म्हणजे स्वतःहून तुमचं नाव तिकडे पाठवत नाही, आणि परत आल्यावर क्रेडिट धरायला बांधीलही नसतं. एजंट लोक दोन्हीला "स्टडी अब्रॉड प्रोग्राम" हेच नाव देतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी करार दाखवा म्हणून सांगा.

एक्सचेंजमध्ये जागा तुमची नसते, कराराची असते, आणि हे मनात पक्कं बसलं की पुढचे निम्मे नियम आपोआप कळतात. तुम्ही ऐनवेळी माघार घेतली तर ती जागा रिकामी जाते, तुम्ही तिकडे गोंधळ घातला तर पुढच्या वर्षी करार रिन्यू करताना ते प्रकरण निघतं, आणि त्याचा फटका आत्ता फर्स्ट इयरला असलेल्या, तुम्हाला ओळखतही नसलेल्या पोरीला बसतो.

पात्रतेच्या अटी, आणि त्या कुठे अडतात

कॉलेजागणिक आकडे बदलतात पण साचा सारखाच असतो. किमान दोन वर्षं पूर्ण झालेली, ठरावीक सीजीपीए, एकही लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नाही, शिस्तीचं रेकॉर्ड साफ, भाषेचा दाखला, पासपोर्ट, एच.ओ.डीं.चं शिफारसपत्र आणि घरच्यांचं संमतीपत्र.

ह्यातल्या सीजीपीएपेक्षा बॅकलॉगवर जास्त लोक अडकतात. आपल्याकडे रिझल्ट उशिरा लागतात, नॉमिनेशन आधी जातं आणि रिझल्ट नंतर येतो, मग एखाद्या विषयात केटी दिसते, रिव्हॅल (पेपर पुन्हा तपासायचा अर्ज) टाकतो, रिव्हॅलचा निकाल यायला महिना-दीड महिना, तोवर तिकडची अर्जाची तारीख गेलेली. त्यामुळे पेपर अवघड गेला असेल तर इंटरनॅशनल सेलच्या (कॉलेजात एक्सचेंजचं काम बघणारा विभाग) सरांना किंवा मॅडमना आधीच जाऊन सांगा. लपवून काही होत नाही, ट्रान्सक्रिप्ट मागतातच, आणि आधी सांगितलं तर पुढच्या सेमिस्टरला तुमचं नाव वर राहण्याची शक्यता असते. रिझल्ट लागलाच नसेल तर एक्झाम सेक्शनकडून आत्तापर्यंतच्या सेमिस्टरचं सही-शिक्क्याचं ट्रान्सक्रिप्ट घ्या आणि सोबत रिझल्ट बाकी असल्याचं पत्र.

शिस्तीच्या रेकॉर्डमध्ये काय काय येतं ते लोकांना माहीत नसतं. परीक्षेत कॉपीची केस, रॅगिंगची तक्रार, हॉस्टेलमधलं सस्पेन्शन, खोटं मेडिकल सर्टिफिकेट दिलेलं, हे सगळं येतं. जुनं प्रकरण असेल आणि मिटलेलं असेल तर फॉर्मवर विचारल्यावर "नाही" लिहू नका, काय झालं आणि कसं मिटलं ते चार ओळीत खरं लिहा. खोटी माहिती सापडली तर ती मूळ प्रकरणापेक्षा जड जाते कारण तेव्हा प्रश्न तुमच्या विश्वासाचा होतो.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजीत शिकवले जाणारे कोर्स असतील तर बहुतेक ठिकाणी बी2 पातळीचं इंग्रजी पुरतं (युरोपात भाषेच्या पातळ्या ए1 पासून सी2 पर्यंत मोजतात), आणि बऱ्याच ठिकाणी कॉलेजचं "शिक्षणाचं माध्यम इंग्रजी" हे पत्रही चालतं. पण जर्मन निदान ए1-ए2 शिकून जा असं मी हात जोडून सांगीन. पुण्यात आणि मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे, सहा महिने आधी सुरुवात केली तरी दुकानात, बसमध्ये आणि सरकारी कचेरीत अडत नाही.

कॅलेंडरचा घोळ, ह्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या

जर्मनीचं विंटर सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च आणि समर सेमिस्टर एप्रिल ते सप्टेंबर. आपलं एक जुलै ते नोव्हेंबर आणि दुसरं डिसेंबर-जानेवारी ते मे. म्हणजे कुठलंही सेमिस्टर निवडा, ते आपल्या दोन सेमिस्टरवर पाय पसरून बसतं. विंटरला गेलात तर आपल्या पाचव्या सेमिस्टरमधून अर्ध्यावर निघता आणि तिकडची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपवून येता तेव्हा सहावं सेमिस्टर दोन-तीन महिने पुढे गेलेलं असतं. समरला गेलात तर सहाव्याची शेवटची परीक्षा आणि सातव्याची सुरुवात दोन्ही हुकतात, आणि सातव्याच्या सुरुवातीलाच प्लेसमेंट असतात.

ह्यावर उपाय आहेत पण ते निघायच्या आधी कागदावर यायला लागतात. हजेरी ऑन ड्युटी धरणार का, इंटर्नल कधी घेणार, राहिलेले विषय परत आल्यावर देणार की तिकडच्या विषयांनी भरून निघणार, सबमिशनचं काय, हे सगळं एच.ओ.डीं.च्या सहीने घ्या. "सर म्हणाले बघू" ह्याला काही अर्थ नाही, कारण तुम्ही परत येईपर्यंत एच.ओ.डी. बदललेले असू शकतात, माझ्या बाबतीत तेच झालं आणि माझ्याकडे एका सबमिशनबद्दल कागद नव्हता म्हणून मला ते पुन्हा करावं लागलं.

लर्निंग अॅग्रीमेंट

हा एक कागद म्हणजे तुमचं अर्धं एक्सचेंज. तिकडे कोणते कोर्स घेणार आणि त्याच्या बदल्यात इथले कोणते विषय धरणार ह्याचा तक्ता, त्यावर तिघांची सही, तुमची, इथल्या कॉलेजची, तिकडच्या युनिव्हर्सिटीची. युरोपात सेमिस्टरला 30 ईसीटीएस (तिकडचे क्रेडिट) हा पूर्ण भार मानतात आणि एक ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. आपल्याकडे सेमिस्टरला साधारण 20 क्रेडिट असतात. म्हणून "मी तिकडे 20 घेतले म्हणजे झालं" असा हिशेब करू नका.

तुमचं कॉलेज ऑटोनॉमस असेल तर अभ्यास मंडळ ही समतुल्यता स्वतः ठरवू शकतं आणि काम लवकर होतं. युनिव्हर्सिटीला संलग्न असेल तर युनिव्हर्सिटीची मान्यता लागते, त्याला वेळ धरा. कोर्सच्या नावावर जाऊ नका, तिकडचं मॉड्यूल हँडबुक डाउनलोड करा आणि सिलॅबस शेजारी शेजारी ठेवून दाखवा, "कंट्रोल" नावाच्या दोन विषयांत आत भलतंच काही असू शकतं. आणि दोन-तीन जादा कोर्स यादीत ठेवा कारण तिकडे गेल्यावर एखादा कोर्स भरलेला असतो, एखादा अचानक जर्मनमधून निघतो. तसं झालं की पहिल्या काही आठवड्यांतच बदललेलं अॅग्रीमेंट पुन्हा तिघांच्या सहीने करून घ्या. न सांगता कोर्स बदलला आणि परत येऊन "पण ईसीटीएस तर मिळाले ना" म्हणणारे दरवर्षी भेटतात आणि त्यांच्यासाठी फार वाईट वाटतं, मेहनत केलेली असते पण मार्कशीटवर काही चढत नाही.

व्हिसा आणि पैसे

90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे शेंगेन टुरिस्ट व्हिसा नाही, नॅशनल व्हिसा. महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येतात. खर्चाची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे पैसे आधी भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ठरावीकच काढता येतात असं खातं, 2024 च्या सप्टेंबरपासून त्याचा आकडा महिन्याला 992 युरो, वर्षाला 11,904 आहे, सहा महिन्यांचे 5,952 होतात, पण हा आकडा दर काही वर्षांनी वाढतो म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा वकिलातीच्या साइटवर बघा. स्कॉलरशिप असेल तर तेवढा भाग त्यातून वजा होतो, पत्रावर महिन्याची रक्कम आणि कालावधी स्पष्ट हवा.

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक झालं, पण त्यातून काही गटांना सूट आहे. मास्टर्सला गेलेल्या मित्राने काढलं म्हणून तुम्ही लगेच फी भरू नका, सूट मिळणाऱ्यांच्या यादीत तुमचा प्रकार बसतो का ते आधी बघा. तिकडचं अॅडमिशन लेटर आलं त्याच दिवशी व्हिसाच्या कामाला लागा, आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका, आईबाबांना कितीही वाटलं की आत्ता स्वस्त आहे तरी.

बॅग भरताना आजीला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस-मटण नेता येत नाही. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा नाही. सुका जवळा-बोंबील ठेवायचा विचार असेल तर त्याचे वेगळे नियम बघा. ताजा कढीपत्ता, लिंबं, हापूसची पेटी ह्यालाही रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो जो आपल्याकडे नसतो. भाजणी, मेतकूट, मसाले, लाटलेले वाळवलेले पापड खुशाल न्या. औषधं रोजची असतील तर डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन, त्यात औषधाचं मूळ नाव.

पोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, त्यासाठी घरमालकाचं किंवा हॉस्टेलचं सही केलेलं पत्र लागतं. हे झाल्याशिवाय बँक, इन्शुरन्स, पुढचं रेसिडेन्स परमिट सगळं अडतं. कुणी म्हणालं की खोली देतो पण नोंदणीचं पत्र देत नाही, तर ती खोली घेऊ नका.

हेल्थ इन्शुरन्स 30 वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सरकारी योजनेत विद्यार्थी दराने मिळतो, महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिन्याला 18.36 युरो असते, टीव्ही नसला तरी, फ्लॅट शेअर करत असाल तर सगळ्यांत मिळून एकच. ह्याचं पत्र जर्मनमध्ये येतं आणि पोरं जाहिरात समजून टाकून देतात, मग दंडासकट येतं. तिकडे पत्राला फार किंमत आहे, पोस्टाच्या पेटीवर स्वतःचं नाव लावा आणि रोज बघा.

काम करायचं असेल तर वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस, हा नियम मार्च 2024 पासून आहे. पण तो नोकरीसाठी आहे. स्वतंत्रपणे फ्रीलान्स काम करायला वेगळी परवानगी लागते, म्हणून "इकडच्या क्लायंटची वेबसाइट रात्री बसून करतो" हे सहज म्हणून सुरू करू नका.

अभ्यासातलं वागणं

इथे आपली मुलं सगळ्यात जास्त फसतात कारण वरवर सगळं सैल दिसतं. बहुतेक लेक्चरला हजेरी नसते, इंटर्नल नसतात, कोणी विचारत नाही, आणि शेवटी एकच परीक्षा 100 टक्क्यांची. लॅब आणि सेमिनारला मात्र हजेरी कडक असते. दुसरं म्हणजे कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव घातलं असं होत नाही, परीक्षेची नोंदणी वेगळी, पोर्टलवर, ठरावीक तारखांत. मी स्वतः एका विषयाची ती तारीख चुकवली, चार महिने शिकलेला विषय परीक्षेशिवाय गेला, प्रोफेसरांना भेटून रडले तरी उपयोग झाला नाही आणि त्यांचंही बरोबर होतं. नोंदणी करून परीक्षेला गेला नाहीत तर नापास धरतात, आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन सर्टिफिकेट घ्या.

मार्कांचं उलटं असतं, 1.0 सगळ्यात चांगला, 4.0 म्हणजे पास, 5.0 नापास. 1.7 आले म्हणून एका मुलाने घरी सांगितलंच नव्हतं, त्याला वाटलं आपण बुडालो, खरं तर ते उत्तम होते. वेळापत्रकात वेळेपुढे सी.टी. लिहिलं असेल तर लेक्चर पंधरा मिनिटांनी सुरू होतं, एस.टी. असेल तर ठोक्याला.

दुसऱ्याचं लिखाण उचलणं ह्याकडे तिकडे किती गांभीर्याने बघतात त्याचं एकच उदाहरण देते. 2011 मध्ये संरक्षणमंत्री कार्ल थिओडोर त्सू गुटेनबर्ग ह्यांना पीएचडीच्या प्रबंधातल्या उचलेगिरीवरून राजीनामा द्यावा लागला, आणि 2013 मध्ये शिक्षणमंत्री अॅनेटे शावान ह्यांनाही, त्यांचा तर प्रबंध तीसेक वर्षं जुना होता. आपल्याकडे ग्रुपमध्ये असाइनमेंट फिरते, जर्नल सीनियरचं बघून उतरवतात, ती सवय विमानात बसायच्या आधी सोडा. रिपोर्टसोबत "हे काम माझं स्वतःचं आहे" असं सही करून द्यावं लागतं. एआय टूल वापरायचं असेल तर त्या कोर्समध्ये किती चालतं ते प्रोफेसरांना ईमेलवर विचारा आणि वापरलं तर तसं लिहा.

राहण्यातलं वागणं

रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, रविवारी दिवसभर. मिक्सर, वॉशिंग मशीन, मोठ्याने व्हिडिओ कॉल ह्यात येतं. कचरा वेगवेगळा. तिकीट न काढता प्रवास केला तर 60 युरो दंड आणि तो तिकडे गुन्हाच आहे, परतपरत सापडलात तर पोलिसात जातं आणि पुढच्या व्हिसाला आडवं येऊ शकतं. फोडणी आणि उदबत्तीने हॉस्टेलचा स्मोक अलार्म वाजतो, अग्निशमन दल आलं तर खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी.

आता एक खास आपल्यासाठी. जर्मनीत नाझी चिन्हं आणि तो हात उंचावून केलेला सलाम कायद्याने गुन्हा आहे, गंमत म्हणून केला तरी. आपल्याकडे कडक मास्तरांना हिटलर म्हणणं सहज चालतं, तिकडे तो शब्द तोंडातूनही काढू नका, ज्या गावात तुम्ही राहता त्याच गावातून माणसं नेऊन मारलेली आहेत आणि फुटपाथवर त्यांच्या नावाच्या पितळी फरशा बसवलेल्या दिसतील. आपलं स्वस्तिक वेगळं आहे आणि धार्मिक वापरावर तो कायदा नाही, पण शेजाऱ्याला ते कळणार नाही. दिवाळीत हॉस्टेलच्या दारात रांगोळी काढा, जरूर काढा, पण कमळ काढा, लक्ष्मीची पावलं काढा. नवीन बॅगेवर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक आतल्या बाजूला असू दे.

कुणाचे फोटो-रील त्यांना न विचारता टाकू नका, तिकडे स्वतःच्या चित्रावर माणसाचा कायदेशीर हक्क असतो. आणि पोरांनो, हे नीट वाचा, 2016 पासून तिकडच्या कायद्यात "नाही म्हणजे नाही" हे स्पष्ट आहे, समोरच्या व्यक्तीने झटापट केली की नाही हा प्रश्नच येत नाही. पार्टीत हसून बोलली म्हणजे होकार असं समजू नका. उलट तुमच्याशी कोणी तसं वागलं, मुलगी असो किंवा मुलगा, तर युनिव्हर्सिटीच्या समान संधी कार्यालयात जाता येतं, पोलीस 110, अॅम्ब्युलन्स 112. इथल्या सेललाही कळवा, तक्रार केल्याने एक्सचेंज रद्द होईल ह्या भीतीने गप्प बसलेल्या मुली मी बघितल्यात, तक्रार करणं हा शिस्तभंग नाही.

गांजाबद्दल विचारतात म्हणून सांगते. एप्रिल 2024 पासून जर्मनीत प्रौढांना मर्यादित प्रमाणात बाळगायला कायद्याने चालतं, पण तुमच्या इथल्या कॉलेजचे आणि हॉस्टेलचे नियम तुमच्यावर लागू राहतात, आणि परत येताना बॅगेत काही राहिलं तर मुंबई विमानतळावर एनडीपीएस (अमली पदार्थांविरोधातला) कायदा लागतो.

वीकेंडला फिरायला जा, पॅरिस-प्राग सगळं शेंगेनमध्ये येतं, लंडन आणि डब्लिन येत नाही. निघताना तिकडच्या कोऑर्डिनेटरना आणि घरी तारखा कळवून ठेवा.

परत येताना

खोली सोडताना पत्त्याची नोंदणी रद्द करायची, त्याला आबमेल्डुंग म्हणतात, निघायच्या आधीच्या आठवड्यात करता येते. तो कागद इन्शुरन्स आणि रेडिओच्या वर्गणीला पाठवला की ती बंद होते, नाहीतर पुण्यात बसून तिकडची बिलं येत राहतात. बँकेचं खातं डिपॉझिट परत आल्यावरच बंद करा. कोऑर्डिनेटरकडून किती तारखेपासून किती तारखेपर्यंत शिकलात ह्याचं सही केलेलं पत्र घेऊनच निघा, ते नंतर ईमेलवर मागत बसायला महिने जातात.

ट्रान्सक्रिप्ट तुम्ही आल्यावर काही आठवड्यांनी येतं. आलं की त्याची प्रत, शेवटचं बदललेलं लर्निंग अॅग्रीमेंट आणि एच.ओ.डीं.चं समतुल्यतेचं पत्र एकत्र लावून एक्झाम सेक्शनला द्या आणि पोच घ्या, इनवर्ड नंबरसकट. क्रेडिट तुमच्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन) खात्यात आणि मार्कशीटवर दोन्हीकडे चढलेत का ते शेवटच्या सेमिस्टरचा फॉर्म भरायच्या आधी तपासा, कारण डिग्रीच्या वेळी दुरुस्ती करायला फार हेलपाटे पडतात. आणि सेलकडे दोन पानं लिहून द्या, कोणता कोर्स इंग्रजीत निघाला, कोणता नाही, खोली कुठे मिळाली, किती पैसे लागले, पुढच्या बॅचला अर्ज भरताना हीच पानं सगळ्यात जास्त लागतात.